आप्त

"किती वेळ बेशुद्ध होत्या?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, तीन-चार मिनिटं. प्रश्न हिंदीत होता, उत्तरही हिंदीत. पत्नी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. मला नाही, तिलाही नाही. जो वेळ ती जगलीच नव्हती त्याच्याबद्दल ती काय सांगणार? सांगायचं ते मीच, कारण पाहिलं होतं ते मी.

या प्रसंगाला आता सहा-सात वर्षं झाली. त्या तीन-चार मिनिटांचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. तो मांडून पाहावा म्हणून हे लिहितो आहे. लिहिलेलं पत्नीने वाचलं आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्त केलं आहे.

आम्ही इंदूरचे. राजेंद्रनगरात घर आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि दवाखान्यात हिंदी-इंग्रजीची खिचडी, अशी आमची आयुष्यभराची वहिवाट. मे २०१८मध्ये नात्यातलं एक लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, कार्यालय भरलेलं, आणि मंगलाष्टकं म्हणायला पाच हौशी मंडळी पुढे सरसावलेली. (आमच्या नातलगांत गळा नाही असं कुणाला वाटतच नाही.) अक्षता मुठीत धरून सगळे अर्धा-पाऊण तास उभे होते. पत्नी म्हणाली, "अहो, मला कसंतरी होतंय," आणि मी वळेपर्यंत माझ्या अंगावर कोसळली. चार जणांनी तिला धरून खुर्चीत बसवलं, मान सरळ धरली. तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून आणला, कुणी चपलेकडे हात नेला. तिचे डोळे वर गेले होते, चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता आणि दोन्ही हात झटके देत होते. ती गेली, असंच मला वाटलं. हे वाटणं मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढे डॉक्टरांना मी जे सांगितलं त्यात हे वाटणंच जास्त होतं.

दुसऱ्यांदा ती पडली रक्त तपासायला गेलो होतो तिथे, सुई टोचल्याबरोबर. तिसऱ्यांदा डिसेंबरात, सकाळी ओट्यापाशी दूध तापवताना. आवाज ऐकून शेजारच्या भाभी धावत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाईसाहब, इनको तो दौरा पड़ा है." दोन दिवसांनी मेंदूच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर मी तोच शब्द पुढे केला. दौरा.

मराठीत दौरा मंत्री काढतात. हिंदीत तो हृदयाला येतो, मेंदूला येतो; एकूण पुढच्या खुर्चीतल्या माणसाने सावरून बसावं असा शब्द आहे. केसपेपरवर त्याचं इंग्रजी झालं 'सीझर', आणि त्या शब्दाखाली पुढची तीन वर्षं आमचं घर राहिलं.

नंतर मी अनेकदा मनाशी म्हटलं, माझ्या भाषेत या अवस्थांसाठी किती बारीक शब्द होते! चक्कर, घेरी, भोवळ यांत जग फिरतं, पण माणूस जागेवर असतो. झीट किंवा मूर्च्छा आली, शुद्ध हरपली, म्हणजे जगच निघून जातं. आकडी, फेफरं म्हणजे अंग आखडतं, झटके देतं. जुन्या वैद्यकानेही मूर्च्छा आणि अपस्मार यांची सरमिसळ केलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन वेग ओसरला की आपोआप शमतात, तिसरी औषधावाचून शमत नाही. (बेशुद्धीच्या शेवटच्या पायरीला संन्यास हे नाव देणाऱ्याची मला फार गंमत वाटते.) अपस्मार या शब्दात तर स्मृती हरवणंच आहे. इतका ऐवज हाताशी असताना मी शेजारणीने दिलेला शब्द डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. पण दोष हिंदीच्या माथी मारून मला सुटता येणार नाही. समोर मराठी डॉक्टर असते तर मी 'फिट आली' असं म्हटलं असतं. त्या क्षणी मला बारीक शब्द नको होता. माझ्या भीतीला पुरून उरेल एवढा मोठा शब्द हवा होता.

डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी जे ऐकलं त्यावरून कुणीही तसंच केलं असतं. ईईजी केला, तो नॉर्मल आला. एमआरआय नॉर्मल. ईसीजीही ठीक. ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं म्हणता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते खरंच आहे. आकडी आणि मूर्च्छा यांतला फरक बहुतेक वेळा यंत्र सांगत नाही; पाहणारा काय सांगतो त्यावर तो ठरतो. किती वेळ? रंग कसा होता? झटके आधी की पडल्यावर? जीभ चावली का? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखलं, की बराच वेळ गोंधळलेली होती? रोग एकाच्या शरीरात आणि त्याची सगळी कागदपत्रं दुसऱ्याच्या डोळ्यांत, अशी परिस्थिती वैद्यकात फारशी नसावी. पोट दुखतं तेव्हा ज्याचं दुखतं तो बोलतो. इथे ज्याचं तोच गैरहजर असतो.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यातली कसोटी सोपी आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. कुळ, जवळीक, प्रेम यांचा तिथे उल्लेखही नाही. पुढे कधीतरी हाच शब्द मराठीत आला आणि 'आप्तेष्ट सहकुटुंब सहपरिवार' असं लग्नपत्रिकेत जाऊन बसला. आमच्या लेखी आप्त म्हणजे नातलग. दवाखान्यात 'बरोबर कोण आहे?' असं विचारतात तेव्हा त्यांना नातलग हवा असतो आणि साक्षीदारही हवा असतो. एकाच खुर्चीवर दोघं बसतात, आणि ते एकच आहेत असं सगळे गृहीत धरतात.

मी नातलग होतो. वात्स्यायनाच्या कसोटीला मात्र उतरलो नसतो. मी खोटं बोललो नाही, पण जसं पाहिलं तसं सांगण्याची इच्छा माझ्यात होती का? मला हवं होतं ते डॉक्टरांनी हे गंभीरपणे घ्यावं, थातुरमातुर गोळ्या देऊन घरी पाठवू नये, आणि या प्रकाराला एक नाव द्यावं. नाव मिळालं की निदान शत्रूचा चेहरा दिसतो. म्हणून झटके मी हातवारे करून दाखवले. चेहरा पांढरा पडला होता, हे सांगायचं राहिलं. शुद्धीवर येताच तिने "दूध उतू गेलं का?" असं विचारलं होतं, ते मी नंतर घरी हसून सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांना नाही. आणि सुईच्या वेळचा प्रसंग तर मी वगळूनच टाकला. माझ्या हिशेबी ती तेव्हा 'घाबरली' होती, आणि घाबरणं हा काही आजार नव्हे! निदानाचा धागा नेमका तिथेच होता, हे मला तीन वर्षांनी कळलं.

गोळ्या सुरू झाल्या. लेव्हेटिरॅसिटॅम, सकाळ-संध्याकाळ. तिची स्कूटी बंद झाली. गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. ज्या बाईने तीस वर्षं शाळेत शिकवलं ती माझ्या परवानगीने दूध तापवू लागली. धाकट्या मुलीचं लग्न तेव्हा ठरत होतं, आणि आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाने 'तिकडच्यांना हे सांगू नका' असा सल्ला दिला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा वेडेपणाच्या शेजारी बसवून विवाहाला बाध आणणारा दोष ठरवला होता. तो शब्द १९९९मध्ये कायद्यातून वगळला गेला, पण घराघरांतून वगळला गेलेला नाही, हे मी माझ्या घरात पाहिलं. ज्यांना खरोखर अपस्मार आहे ते काय सोसत असतील याची चुणूक आम्हाला एका चुकलेल्या शब्दामुळे मिळाली. मुलीने स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरं. विषय तिथेच संपला.

एक गोष्ट लिहायला जड जाते. त्या तीन वर्षांत पत्नी चिडचिडी झाली. ताटात वाटी आपटायची, फोन मध्येच ठेवून द्यायची, रात्री उठून बसायची. मी मनात म्हणत असे, वय झालं, स्वभाव बदलतो माणसाचा. कधी मोठ्यानेही म्हणालो. ही गोळी काही जणांत चिडचिड वाढवते, हे गोळ्यांच्या पाकिटातल्या घडीच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद मी कधी उलगडला नव्हता. तिच्या शरीराबद्दलची साक्ष देऊन झाली होती. आता तिच्या स्वभावाबद्दलही मीच देत होतो.

गोळ्या चालू असतानाही ती दोनदा पडली. डोस वाढला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. हे ऐकायला सोपं आहे. आपलं माणूस जमिनीवर पडलेलं असताना त्याच्याकडे धावायचं नाही, दोन पावलं मागे राहून कॅमेरा धरायचा! पहिल्या वेळी मला ते जमलं नाही. हात आपोआप तिच्या डोक्याखाली गेले. नोव्हेंबर २०२१मध्ये देवघरासमोर आरतीला उभी असताना ती खाली बसली आणि आडवी झाली. मुलगा घरी होता. तो तिच्याजवळ गेला आणि मी फोन उचलला. तो क्षण मला अजून नीट पाहता येत नाही. मी पाहत होतो, पण काचेतून. आणि काचेतून पाहिल्यामुळे माझा हात थरथरत नव्हता. भीती कुठेतरी बाजूला उभी होती.

व्हिडिओत ती पडल्यापासून डोळे उघडून मुलाला नावाने हाक मारेपर्यंत एकोणीस सेकंद जातात. एकोणीस. मी ते पाच-सहा वेळा मोजले. माझ्या मनात तेव्हाही तीन मिनिटं होऊन गेली होती.

तो व्हिडिओ घेऊन आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर फिजिशियन, बोलायला संथ. त्यांनी व्हिडिओ पाहिला, फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता पत्नीला विचारलं, "पडायच्या आधी तुम्हाला काय होतं?"

साडेतीन वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला गेला होता. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, जणू उत्तर माझ्याकडेच असणार. मग म्हणाली, आधी मळमळतं, मानेला गार घाम येतो. मग माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांब जातात आणि कडेकडेने काळं होत येतं. सुई टोचताना झालं, आरतीत झालं, लग्नात झालं, सगळं असंच. लहानपणी शाळेच्या प्रार्थनेत दोनदा पडले होते. तेव्हा आई म्हणायची, झीट येते हिला.

झीट! शब्द तिच्या आईने पन्नास वर्षांपूर्वीच दिला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. बराच वेळ उभं राहणं, उकाडा, सुई, वेदना यांनी काही माणसांत मज्जासंस्थेची एक प्रतिक्रिया उठते. हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस पडतो. पडणं हाच त्यावरचा उपाय असतो, कारण आडवं झालं की रक्त डोक्याकडे परततं. टिल्ट टेबल नावाची एक चाचणी १९८६पासून यासाठी वापरली जाते. रुग्णाला फळीवर पट्ट्यांनी बांधून फळी सत्तर अंशांपर्यंत उभी करतात आणि नाडी, रक्तदाब बघत राहतात. पत्नीला तिथे तेविसाव्या मिनिटाला मळमळलं आणि पंचविसाव्या मिनिटाला तिची शुद्ध गेली. झटकेही आले. अशा मूर्च्छेत झटके येणं हा अपवाद नसतोच. १९९४ साली बर्लिनच्या डॉक्टरांनी निरोगी तरुणांना मुद्दाम मूर्च्छा आणून त्यांचं चित्रण केलं होतं. पूर्ण शुद्ध हरपलेल्या बेचाळीस जणांपैकी नव्वद टक्क्यांच्या अंगाला झटके आले. बेशुद्धी सरासरी बारा सेकंदांची होती, आणि त्यांचे डोळे उघडेच होते. हे वाचलं तेव्हा मला लाज वाटली आणि थोडा दिलासाही मिळाला. माझ्या डोळ्यांनी मला फसवलं नव्हतं. झटके होतेच, अर्थ मी लावला होता.

आणखी एक गोष्ट फिजिशियननी सहज बोलता बोलता सांगितली. अशा वेळी माणसाला उठवून बसवू नये, आडवं ठेवून पाय वर करावेत. बसतं धरून ठेवलं तर मेंदूला रक्त पोचायला उशीर होतो, बेशुद्धी लांबते आणि झटके वाढतात. कार्यालयात आम्ही चौघांनी तिला खुर्चीत सरळ धरून ठेवलं होतं. तेव्हा पहिल्या प्रसंगी मी सांगितलेली मिनिटं कदाचित अगदीच खोटी नसतील. त्यांतली काही आम्हीच आमच्या हातांनी घडवली असतील.

गोळ्या हळूहळू बंद केल्या. भरपूर पाणी, जेवणात थोडं जास्त मीठ, मळमळ सुरू होताच जिथे असेल तिथे आडवं व्हायचं, ते शक्य नसेल तर पायांची अढी घालून स्नायू आवळायचे. औषध म्हणून एवढंच. आडवं होण्याची तिला आधी लाज वाटे. मागच्या वर्षी ती बँकेच्या रांगेत फरशीवर सरळ आडवी झाली आणि जमलेल्या माणसांना म्हणाली, "मला काही झालेलं नाही, पाच मिनिटांत उठते." ऐकलं तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. लोक काय म्हणतील हे मनात आलं नाही असं नाही.

व्हिडिओची गोष्ट अजून सांगायची राहिली. निदान झालं त्या आनंदात मी तो तिला दाखवला. तिने तो एकदाच पाहिला. स्वतःचं रिकामं तोंड, वर गेलेले डोळे, बाजूला सरकलेला पदर. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "हे कुणाकुणाला दाखवलंत?" डॉक्टरांना, मी म्हणालो. आणि? आणि मेहुण्याला पाठवला होता, त्याच्या ओळखीचे डॉक्टर आहेत म्हणून. आणि मुलीला, काळजी करत होती म्हणून. "मला विचारलंत?" नव्हतं विचारलं. ती बेशुद्ध असताना काढला होता तो. पाठवला तेव्हा मात्र ती शेजारच्या खोलीत भाजी निवडत होती.

त्याच व्हिडिओने तिला नको असलेल्या गोळ्यांतून सोडवलं, आणि त्यानेच तिला न सांगता चार फोनांत नेऊन टाकलं. यांतल्या एका गोष्टीने दुसरी माफ होते असं मला वाटत नाही. ती म्हणते, थोडी होते. हीच तिची पहिली दुरुस्ती.

या सगळ्यावर विचार करताना मला पुन्हा पुन्हा एक स्वीडिश बाई आठवते. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या इंजिनियरचं हृदय मध्येच थांबत असे. संसर्गाने त्याची विद्युत्‌वाहिनी निकामी झाली होती, आणि दिवसाला वीस-तीस वेळा त्याची शुद्ध जाई. उपाय नव्हता. हृदयाला ठोका देणारं यंत्र शरीराच्या आत बसवणं तोपर्यंत कुणीच केलं नव्हतं. त्याची बायको एल्स-मारी शल्यविशारद ओके सेनिंग यांच्याकडे गेली, इंजिनियर रूने एल्मक्विस्ट यांच्याकडे गेली. असं यंत्र नाही, असं त्यांनी सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की मग बनवा. ती खेपा घालत राहिली. शेवटी एल्मक्विस्टनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून, रेझिनमध्ये ओतून यंत्र घडवलं आणि ८ ऑक्टोबर १९५८ला सेनिंगनी ते बसवलं. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं, दुसरं बसवलं. लार्सनला आयुष्यात एकूण सव्वीस पेसमेकर लागले. २००१मध्ये तो शहाऐंशी वर्षांचा होऊन वारला, सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही नंतर.

एल्स-मारीची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा म्हटलं, असं असावं जोडीदाराने! दुसऱ्यांदा वाचली तेव्हा थोडा चाचरलो. हट्ट मीही केला होता. मलाही डॉक्टरांकडून 'काही नाही' हे उत्तर नको होतं. तिच्या हट्टाने नवरा त्रेचाळीस वर्षं जगला आणि माझ्या हट्टाने बायको तीन वर्षं नको त्या गोळ्या घेत राहिली. फरक यशाचाच आहे का? तिला यश आलं नसतं, लार्सन टेबलावरच गेला असता, तर तिचं वागणं चूक ठरलं असतं का? मला नाही वाटत. ती जे सांगत होती ते होतंच: हृदय थांबतं, माणूस मरतो आहे. तिने वस्तुस्थिती वाढवून सांगितली नव्हती. उत्तर 'नाही' आलं ते स्वीकारलं नव्हतं. मी उलट केलं. वस्तुस्थिती फुगवली आणि जे पहिलं उत्तर मिळालं ते मुकाट्याने घरी नेलं. तीन वर्षांत एकदाही जाऊन विचारलं नाही की गोळ्या चालू असताना ही पडते कशी? इथे पत्नी म्हणाली, "मीही विचारलं नाही. सगळं स्वतःवर घेऊ नका." ही दुसरी दुरुस्ती.

लार्सन स्वतः त्या दिवसांत काय म्हणत होता, याचा त्या कथेत पत्ता नाही. तिथेही बोलणारी बायकोच आहे. बरोबर आहे, तो सारखा बेशुद्ध होता. पण दोन बेशुद्धींच्या मध्ये?

हे मला उगाच सुचलेलं नाही. २०२३च्या दिवाळीनंतर पत्नी खुर्चीत बसलेली असताना, टीव्ही बघताना, काही न सांगता बाजूला कलंडली. मळमळ नाही, घाम नाही, विहिरीतले आवाज नाहीत. सेकंद मी भिंतीवरच्या घड्याळात मोजले: आठ. मग तिने डोळे उघडले आणि मालिकेचं काय झालं ते विचारलं. फिजिशियन हे ऐकून पहिल्यांदा गंभीर झाले. साठी उलटलेल्या माणसाने बसल्या जागी, काही पूर्वसूचना नसताना शुद्ध गमावली, तर हृदय मध्येच थांबतं का ते पाहावं लागतं, म्हणाले. चोवीस तासांची होल्टर तपासणी केली, एको केला, दोन्ही स्वच्छ. मग त्यांनी सुचवलं की छातीच्या कातडीखाली पेन्सिलीच्या तुकड्याएवढं एक यंत्र बसवावं. ते साधारण तीन वर्षं ठोके नोंदवत राहतं. पुन्हा शुद्ध गेलीच, तर त्या क्षणी हृदय काय करत होतं ते कळेल.

ती नको म्हणाली. मी घरी येऊन बोलायला लागलो: आठ सेकंद, पूर्वसूचना नाही, धोका. बोलता बोलता मला माझा जुना आवाज ऐकू आला, दौऱ्याच्या वेळचा. थांबलो. पण थांबणं तरी बरोबर होतं का? तिचा नकार मानावा, तर एखाद्या दुपारी मी घरी नसताना हृदय बारा सेकंद, वीस सेकंद थांबू शकतं. मानू नये, तर पुन्हा तिच्या शरीरावर माझाच शब्द चालणार. दोन महिने आम्ही याबद्दल बोललो नाही. मी झोपेत तिचा श्वास ऐकत असे, आणि ती जागी असेल तर म्हणत असे, "आहे मी. झोपा."

जानेवारीत ती एका सकाळी म्हणाली की बसवून घेऊ. कारण विचारलं तर म्हणाली, "तुमच्या नजरेखाली राहण्यापेक्षा ते बरं. ते घाबरत तरी नाही." मी हसलो, पण ते लागलंही. तिने अट घातली: नोंद आधी तिला सांगायची, मग मला, आणि मुलांना सांगायचं की नाही ते ती ठरवणार. डॉक्टरांनी तसं केसपेपरवर लिहून घेतलं.

यंत्राबरोबर एक बटण असलेली डबी मिळते. शुद्ध गेली तर नंतर ते दाबायचं, म्हणजे त्या वेळची नोंद पक्की राहते. डबी टीव्हीजवळच्या कपाटावर असते. यंत्र बसवल्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं. ती एकदाही पडलेली नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटत नाही. पडली नाही म्हणजे कळलं नाही. कधी कधी, विशेषतः महिन्याची तपासणी रिकामी आल्यावर, माझ्या मनात येतं की एकदा पडू दे. मी घरात असताना, सोफ्यावर, मऊ जागी, सात-आठ सेकंद, म्हणजे एकदाचं काय ते समजेल. आपल्या माणसाने बेशुद्ध पडावं अशी इच्छा करणाऱ्याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. हे मी तिला सांगितलं नव्हतं. या लेखात लिहिलं तेव्हा तिने वाचलं. मला वाटलं, इथे तिसरी दुरुस्ती होईल. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मलाही वाटतं तसं. फक्त तेव्हा तुम्ही मोजत बसू नका. डबी उचला."

घरात आता एक वही आहे. तिच्यात दोन रकाने आहेत: डावीकडे तिच्या अक्षरात आधी काय वाटलं ते, उजवीकडे माझ्या अक्षरात काय दिसलं ते. शेवटच्या नोंदीत डावा रकाना रिकामा आहे. उजवीकडे लिहिलं आहे: खुर्ची, टीव्ही, आठ सेकंद, रंग बघायचा राहिला.